चाँद दिसल्यावर गच्चीवरून उतरू नका

अब्दुर्रहमान अल-सूफी यांचे नाव व्हॉट्सॲपवर वरचेवर फिरते. इ. स. ९६४ च्या सुमाराच्या त्यांच्या ताऱ्यांवरील ग्रंथात देवयानी दीर्घिकेची 'छोटा ढग' अशी नोंद आहे. आज उपलब्ध असलेली ती तिची सर्वांत जुनी नोंद. 'बघा, आमच्या लोकांनी आधी पाहिले' म्हणत आपण संदेश पुढे पाठवतो. पाठवणाऱ्यांपैकी किती जणांनी तो ढग स्वतः पाहिला आहे?

ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, चंद्र नसताना, गावाच्या दिव्यांपासून दूर तो नुसत्या डोळ्यांनी दिसतो. त्याचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षे प्रवास करून आपल्यापर्यंत येतो. फोटो काढायचा तर दुर्बिणीइतकीच सबुरी लागते. पृथ्वी फिरते, म्हणून दुर्बीण ताऱ्यांच्या गतीने फिरवणारे यंत्र लावतात. थोड्या थोड्या वेळाचे शेकडो फोटो घेऊन संगणकावर एकावर एक रचतात. एका फोटोत न दिसणारे तपशील मग उमटू लागतात.

हे फक्त शास्त्रज्ञांचे काम नाही. अर्जेंटिनातील रोझारिओचे व्हिक्टर बुसो कुलूप-किल्ल्यांचे कारागीर. २० सप्टेंबर २०१६ रोजी घराच्या गच्चीवर नवा कॅमेरा तपासताना त्यांनी सुमारे ८ कोटी प्रकाशवर्षे दूरच्या एनजीसी ६१३ या दीर्घिकेचे फोटो घेतले. त्यांत एका सुपरनोव्हाचा अगदी पहिला उजेड टिपला गेला. २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर शोधनिबंध आला, लेखकांत बुसोही होते. कोणी म्हणेल, हा योगायोग. खरे आहे, पण तो जागणाऱ्याच्याच वाट्याला येतो.

पैशांची सबब पूर्ण खोटी नाही. म्हणूनच प्रत्येकाने सामान घ्यावे असे मी म्हणत नाही. जलशाच्या मंडपाला वर्गणी जमते, तशी शाळेच्या एका दुर्बिणीलाही जमू शकते. परवानगीचा प्रश्न मात्र पैशांचा नाही. वर्गात आकाशाबद्दल विचारणाऱ्या मुली कमी नसतात. रात्री गच्चीवर जायची मोकळीक भावाला मिळते. आई-वडिलांनी सोबत बसावे, पण मुलीला खाली पाठवू नये.

ईदचा चाँद पाहायला सारा मोहल्ला गच्चीवर येतो आणि दहा मिनिटांत उतरतो. ती कोवळी कोर लवकर मावळते. पुढची रात्र अंधारी, म्हणजे दीर्घिका टिपायला उत्तम. अल-सूफींचा अभिमान असेल, तर त्या रात्री थोडा वेळ वरच थांबू या.