'यातले आरटीईवाले कोणते?'

पुण्यातलं चंबूगबाळं आवरून आम्ही अकोल्याला, जठारपेठेत राहायला आलो त्याला आता वर्ष होईल. कारणं नेहमीचीच. कंपनीने घरून काम करायला कायमची परवानगी दिली, इकडे आई-बाबा थकत चालले, आणि दुसऱ्याच्या फ्लॅटचं भाडं भरण्याचा कंटाळा आला. लेक पहिलीत जायची होती. घर बदलणं सोपं असतं हो, गॅसचं कनेक्शन बदलणंही जमतं. पण शाळा?

आता सॉफ्टवेअरवाला माणूस अशा वेळी काय करतो? स्प्रेडशीट उघडतो. मीही उघडली. सहा शाळा आणि चौदा रकाने: बोर्ड, फी, अंतर, बस, मैदान, दहावीचा निकाल (पहिलीतल्या पोरीसाठी!), पंखे चालतात का (अकोल्याच्या उन्हाळ्यात हा रकाना चेष्टेचा नाही) वगैरे वगैरे. प्रत्येकाला वेटेज. यूडायसच्या संकेतस्थळावर शाळेचा अकरा आकडी कोड टाकला की मुलं किती, शिक्षक किती, स्वच्छतागृहं किती हे दिसतं, तेही भरलं. शेवटी एका रकान्यात उत्तर. एकदम सायंटिफिक!

बाबांनी चष्मा वर करून लॅपटॉपकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे सारं ठीक आहे बावा. पन तिच्या बाकावर बाजूले कोन बसन, हे कुठी लिवलं?"

लिहिलं नव्हतं. तो रकानाच नव्हता.

तर आमच्या यादीत पहिल्या नंबरवर आलेल्या शाळेत गेलो. नाव सांगत नाही, कारण तशा शाळा प्रत्येक शहरात असतात. गावाबाहेर मोठी इमारत, एसी केबिन, प्रवेशाचं काम बघणाऱ्या अतिशय गोड बोलणाऱ्या मॅडम. "सर, आमच्याकडे क्राउड एकदम चांगला आहे." मी विचारलं, पंचवीस टक्क्यांतली मुलं आहेत का? त्यांनी आवाज खाली केला. "आहेत सर, कायदाच आहे ना. पण काळजी करू नका, त्यांची तुकडी वेगळी ठेवलीय."

इथे मी ताडकन उठून उभा राहिलो, असं लिहायला मला आवडलं असतं. खरं सांगतो, क्षणभर मला हायसं वाटलं. त्या वाटण्याची लाज पार्किंगमध्ये गाडी काढताना वाटली. म्हणून हा लेख.

आधी कायदा बघू, कारण आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो 'गरिबांच्या ॲडमिशनचा कायदा' एवढाच माहीत असतो. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गातल्या पंचवीस टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत द्यायच्या. तेराव्या कलमाप्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा आईबापाची चाळणी लावायची नाही. म्हणजे तो जो 'इंटरॅक्शन' नावाचा इंटरव्ह्यू आपण दोघं नवे कपडे घालून देतो ना, तो चाळणीसाठी असेल तर बेकायदा आहे आणि पहिल्या वेळी पंचवीस हजारांपर्यंत दंड आहे. सतराव्या कलमाप्रमाणे मारणं तर नाहीच, मानसिक त्रासही द्यायचा नाही. आणि पंचवीस टक्क्यांतल्या मुलांना वर्गात वेगळं बसवायचं नाही, त्यांची वेळ वेगळी ठेवायची नाही, हे केंद्राच्या २०१० च्या नियमांत स्पष्ट आहे. म्हणजे 'तुकडी वेगळी' ही सोय नव्हती, ती चोरी होती. आणि ती मला फायदा म्हणून विकली जात होती.

२०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद योग्य ठरवली (विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना वगळून, २०१४ मध्ये सगळ्याच अल्पसंख्याक शाळा वगळल्या गेल्या). महाराष्ट्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक पळवाट काढून पाहिली होती: ज्या खाजगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला पंचवीस टक्क्यांतून सूट. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नसलेली खाजगी शाळा शोधून दाखवा! मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि जुलै २०२४ मध्ये ते रद्दच केलं. बरं झालं.

पण कायद्याने वर्ग मिसळत नाही. तो आपण, म्हणजे तुम्ही-मी, वेगळा करतो. आणि गंमत म्हणजे, वाईट हेतू नसतानाही करतो.

थॉमस शेलिंग नावाचा अर्थशास्त्रज्ञ होता (२००५ चं अर्थशास्त्राचं नोबेल). त्याने १९७१ मध्ये एक साधं मॉडेल मांडलं. बुद्धिबळासारखा पट घ्या, त्यावर दोन प्रकारची नाणी विखरून ठेवा, काही घरं रिकामी ठेवा. प्रत्येक नाण्याची अपेक्षा एवढीच, की माझ्या शेजाऱ्यांपैकी एक तृतीयांश माझ्यासारखे असावेत. बाकी दोन तृतीयांश वेगळे असले तरी चालेल. म्हणजे बऱ्यापैकी उदार नाणी. जे नाणं नाराज, ते उठून रिकाम्या घरात जाणार. मी एका रविवारी चाळीस ओळींत हे लिहून चालवलं. थोड्याच फेऱ्यांत पटावर सरळ मोहल्ले तयार झाले. सरासरी नाण्याचे सत्तर टक्क्यांहून जास्त शेजारी त्याच्यासारखे! एकाही नाण्याला हे नको होतं. प्रत्येकाने फक्त आपल्यापुरतं 'जरा बरं' घर शोधलं होतं.

शाळेच्या बाबतीत आपण तर त्या नाण्यांहून कमी उदार आहोत. आणि आपल्याकडे पट आधीच आखलेला आहे. अकोल्यात मोर्णा नदीच्या अलीकडे-पलीकडे, पेठेनुसार, समाजानुसार वस्त्या. शिवाय माध्यम: मराठी, उर्दू, हिंदी, इंग्रजी. माध्यम निवडलं की निम्मं शहर पोरांच्या आयुष्यातून आपोआप बाद. उरलेलं फी बाद करते. म्हणजे पोरगं पंधरा वर्षांचं होऊन नीटच्या ट्यूशनला जाईपर्यंत त्याला कळतच नाही, की या गावात आपल्यापेक्षा वेगळं कोणी राहतं.

मे २०२३ मध्ये जुन्या शहरात दंगल झाली. एका माणसाचा जीव गेला. मी पुण्यात होतो. माझ्या शाळेतला बाकावरचा दोस्त तिकडे, जुन्या शहरात राहतो. टेलरचा मुलगा, घरी उर्दू बोलणारा, पण आमच्या मराठी शाळेत होता. मी त्याला फोन लावायच्या आधी त्याचाच आला. "आई-बाबा ठीक आहेत ना? बाहेर नको निघू म्हना त्यायले."

तीस वर्षांपूर्वी एका अनुदानित शाळेच्या हजेरीपटाने आम्हाला एका बाकावर बसवलं, त्याचा तो फोन. माझ्या स्प्रेडशीटमधल्या एक नंबरच्या शाळेत माझ्या लेकीला असा फोन करणारं कोणी भेटणार होतं का? मला नाही वाटत.

आता आक्षेप. माझ्या बायकोनेच घेतला, आणि तो चुकीचा नाही: "समाज सुधारायचा तर तू सुधार, माझी मुलगी कशाला प्रयोगाला?" याचं उत्तर भावनेने देऊन भागत नाही. गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने दिल्लीत नेमकं हेच तपासलं (२०१९ मध्ये प्रसिद्ध झालं). दिल्लीतल्या बड्या खाजगी शाळांना २००७ पासून गरीब मुलांना जागा द्याव्या लागल्या. त्यामुळे एकाच शाळेत काही वर्ग मिसळलेले, वरचे वर्ग न मिसळलेले. तुलना सोपी. गरीब वर्गमित्र असलेली श्रीमंत मुलं दुसऱ्याला जास्त वाटून देत होती. रिले शर्यतीत जोडीदार निवडताना 'हळू पळणारा पण आपल्यातला' यापेक्षा 'वेगाने पळणारा गरीब' निवडायला ती कमी कचरत होती. आणि किंमत? इंग्रजीचे गुण थोडे घसरले. सगळ्या विषयांचा मिळून ठळक परिणाम दिसला नाही.

म्हणजे किंमत शून्य नाही. ती लपवू नये. पण इंग्रजी घरी भरून काढता येतं, माझं तर रोजचं कामच इंग्रजीत चालतं. माणसाची भीती कमी करण्याचा क्लास मात्र अजून कोणी काढलेला नाही. (काढला तर अकोल्यातच निघेल, आणि त्याचीही टेस्ट सिरीज असेल!)

आणि हे काही दिल्लीहून आयात करायची गरज नाही. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं, तिथे सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. ही गोष्ट १९२० च्या दशकातली. भाऊराव पाटलांचं साताऱ्याचं वसतिगृह १९२४ चं, तेही तसंच. कोठारी आयोगाने १९६४–६६ मध्ये जवळच्या परिसरातल्या सगळ्या मुलांची एकच शाळा असावी असं सांगितलं. पंजाबरावांच्या नावाचं कृषी विद्यापीठ आपल्या अकोल्यात आहे, त्यावरून आपण रोज गाडीने जातो. असो.

पण नुसती मिसळ पुरत नाही. मिसळून अपमान करणारी शाळा ही वेगळं बसवणाऱ्या शाळेपेक्षा बरी नाही. म्हणून मी चौदा रकाने पुसले आणि पुढच्या प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांना एकच आगाऊ प्रश्न विचारायचं ठरवलं. वर्गाकडे बघत सहज विचारायचं, "यातले आरटीईवाले कोणते?"

एका ठिकाणी लगेच बोट दाखवलं गेलं. "ती मागची दोन." त्या दोघांनी ते ऐकलं, हे मी पाहिलं. माझ्या प्रश्नामुळे ऐकलं, हेही खरं. तेव्हापासून हा प्रश्न पोरांसमोर विचारायचा नाही, केबिनमध्ये विचारायचा, एवढं शिकलो. तुम्हीही तसंच करा.

शेवटी घरापासून चालत दहा मिनिटांवरची एक जुनी शाळा. मैदान लहान, रंग उडालेला, यादीत पाचव्या नंबरची. केबिनमध्ये मुख्याध्यापिका बाईंना विचारलं. त्यांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "ते मी नाही सांगणार. तुमच्या मुलीची फी भरली की थकली, हेही मी कोणाला सांगणार नाही."

मी फॉर्म तिथेच भरला.

बाहेर पडताना आणखी तीन गोष्टी बघितल्या, त्या तुमच्या उपयोगाच्या: मधल्या सुट्टीत डबे कोण कोणाशी वाटून खातं, ज्याला वाचता येत नाही त्या मुलाशी बाई कोणत्या आवाजात बोलतात, आणि घरची वऱ्हाडी बोलणाऱ्या पोराला हसतात की त्याचं ऐकून घेतात. याला अर्धा तास लागतो. ब्रोशर वाचायलाही तेवढाच लागतो.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या शेवटाला उघडतात. पहिले पंधरा दिवस लेक रडली. इंग्रजी अजून म्हणावं तसं नाही, बायको ते मला दर रविवारी ऐकवते, आणि तिचं खरं आहे. त्यामुळे रोज रात्री अर्धा तास मी इंग्रजी गोष्टी वाचतो. ही माझी फी.

परवा लेक घरी आली आणि दारातूनच ओरडली, "बाबा, मले भूक लागली!" बायकोने कपाळावर हात मारला. आजी खुश. मी विचारलं, डबा नाही खाल्ला? "खाल्ला ना. पन अर्धा तिले देल्ला, तिचा आज आलाच नव्हता."

'तिले' म्हणजे कोणाला, हे मी विचारलं नाही.