मृत्पात्रांची साक्ष

ज्यांस लिपि नव्हती त्यांस इतिहासहि नव्हता, आणि त्यांच्या भांड्यांवरील चित्रें म्हणजे कुंभाराच्या हातचा निव्वळ चाळा, असें म्हणणारे विद्वान् अजून भेटतात. आम्हांस हें मत सर्वस्वीं अमान्य आहे. दक्षिण अमेरिकेंत, पेरूच्या उत्तर किनाऱ्यावर, इसवी सनाच्या पहिल्या सात-आठ शतकांत नांदलेल्या मोचे लोकांच्या सुरयांवर एक प्रसंग वारंवार रेखाटलेला आढळतो : कैद्यांचे गळे चिरून त्यांच्या रक्ताचा चषक एका शिरोभूषणधारी पुरुषास अर्पण होत आहे. पुष्कळांनीं ती केवळ पुराणकथा ठरविली. पुढें १९८७ सालीं सिपान येथें वॉल्टर आल्वा यांनीं एक थडगें उकरलें. आंत तसेंच अर्धचंद्राकृति शिरोभूषण आणि तशींच कर्णभूषणें ल्यालेला अधिपति निजलेला होता! १९९१ सालीं सान होसे दे मोरो येथें चषकासह पुजारीणहि सांपडली. सुरई खरें बोलत होती. निरक्षर होते ते पाहणारे. मात्र ह्यावरून चित्रांत वाटेल तो अर्थ कोंबण्याची मुभा कोणास मिळत नाहीं; अर्थाची ग्वाही कुदळीनेंच दिली पाहिजे. आम्हां पदवीधरांस अक्षराचा अभिमान खुशाल असावा. पण अक्षराविना अर्थच नाहीं, हा हट्ट अज्ञानाचाच एक प्रकार होय.