किंमत मोजून सुरक्षितता मिळत नाही

ई-सिगारेट महागडी घ्यावी की स्वस्तातली, हा प्रश्नच भारतात चुकीचा आहे. २०१९च्या कायद्याने तिचे उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात बंद आहे. पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. म्हणजे इथे विकले जाणारे प्रत्येक उपकरण चोरट्या मार्गाचे. जास्त पैशांत बॅटरी कदाचित बरी मिळेल, पण आतल्या द्रवात निकोटीन किती, हे तपासून सांगणारे कोणी नाही. विडी-सिगारेट खुलेआम मिळते, मग हिच्यावरच बंदी का, हा आक्षेप रास्त आहे. त्यावरचा उपाय मात्र तंबाखूवरचे निर्बंध कडक करणे हा आहे. शाळकरी मुलांना फळांच्या चवीचे नवे व्यसन लावणे हा नव्हे. सिगारेट सोडायची असेल, तर १८००-११-२३५६ या मोफत राष्ट्रीय क्विटलाइनवर फोन करा.