‘घर क्रमांक ०’ शोधताना फिल्टर कुठे फसवतो?

७ ऑगस्ट २०२५ रोजी राहुल गांधींनी बेंगळुरूच्या महादेवपुरा विधानसभा मतदारसंघाची यादी समोर ठेवली आणि ‘घर क्रमांक ०’ घरोघरी पोचला. बनावट वा अवैध पत्त्यांचे ४०,००९ मतदार, एकेका पत्त्यावर गर्दी केलेले १०,४५२, असा त्यांचा दावा. १७ ऑगस्टला मुख्य निवडणूक आयुक्त ज्ञानेश कुमार यांचं उत्तर आलं: ज्या घरांना पंचायतीने किंवा पालिकेने क्रमांकच दिलेला नाही, तिथे शून्य लागतं.

तुमच्या वॉर्डाच्या यादीत असे शून्य किती, हे तुम्हीही तपासू शकता. पण जरा जपून. घर क्रमांक हा नावापुरताच ‘क्रमांक’ असतो. ‘१२/अ’, ‘बी-४०३’ असलं काहीही त्यात येतं, म्हणून तो मजकूर म्हणून साठवतात. मायएसक्यूएलमध्ये अशा रकान्याची तुलना अवतरणचिन्हांशिवाय नुसत्या शून्याशी केलीत, तर ते आधी मजकुराचा आकडा करतं. इंग्रजी अंकांतल्या ‘१२/अ’चे होतात १२. ‘बी-४०३’ अक्षराने सुरू होतो, त्याचं शून्य! कोऱ्या मजकुराचंही शून्य. आणि मराठी यादीतले देवनागरी आकडे? त्याला ते कळतच नाहीत, तेही शून्य. म्हणजे चांगली नांदती घरं तुमच्या ‘संशयित’ यादीत जमा. पोस्टग्रेस इथे निदान चूक दाखवून थांबतं. उपाय साधा आहे: शून्य अवतरणात लिहा आणि कोरे रकाने वेगळे मोजा.

‘एका पत्त्यावर शंभर मतदार’ शोधतानाही हेच. पुण्याच्या उपनगरांत पत्ता म्हणून सर्व्हे नंबर लिहितात, आणि एका सर्व्हे नंबरवर अख्खी सोसायटी उभी असते.

त्यात यादी मिळते चित्ररूप पीडीएफमध्ये. मशीनला थेट वाचता येईल अशी यादी आयोग मतदारांच्या खासगीपणाचं कारण देऊन नाकारतो. मग सॉफ्टवेअरने चित्रातली अक्षरं ओळखायची. त्यात शून्याचा ‘ओ’ आणि ‘ओ’चं शून्य होणारच.

पण आयोगाच्या खुलाशातही गोम आहे. क्रमांक नसलेलं घर आणि कंटाळ्याने न भरलेला रकाना, दोन्हींना एकच शून्य दिलं, तर नंतर कुठलाही फिल्टर त्यांना वेगळं करू शकत नाही. ते काम दारात जाऊन आलेला बीएलओच करू शकतो.