‘ज्याचा त्याचा दृष्टिकोन’ हे उत्तर नव्हे



आज मला एका वाक्याविरुद्ध लिहायचे आहे. ते वाक्य आपण सगळेच बोलतो: “ज्याचा त्याचा दृष्टिकोन असतो.” घरात वाद होतो, मंडळीच्या सभेत मतभेद होतो, मग कोणीतरी हे वाक्य म्हणतो आणि सगळे गप्प होतात. ऐकायला ते नम्र वाटते. पण माझा अनुभव असा की बहुतेक वेळा त्या वाक्याने आपण समोरच्याच्या तोंडावर दार लावतो. हे मी कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाही. ते दार मी स्वतः लावले आहे.

कडोदऱ्यात राहणाऱ्यांना इथले जगणे वेगळे सांगायला नको. डाईंग-प्रिंटिंगच्या मिला, बारा-बारा तासांच्या पाळ्या, आणि एकेका खोलीत दाटीवाटीने राहणारी माणसे. रविवारच्या मुलांच्या वर्गाचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे होते. एक मुलगा नेहमी उशिरा यायचा आणि आला की पेंगायचा. लागोपाठ तीन रविवार तो आलाच नाही, तेव्हा नाताळच्या नाटिकेतून मी त्याचे नाव काढून टाकले. त्याची आई मला भेटायला आली. म्हणाली, “भाऊ, पोरगं आळशी नाही हो. एकदा घरी येऊन बघा.” मी घड्याळाकडे बघत म्हणालो, “ताई, हा तुमचा दृष्टिकोन झाला. मला सगळ्याच मुलांचं बघावं लागतं.” ती पुढे काही बोलली नाही. पदर सावरून निघून गेली.

नाताळ झाल्यावर मी दुसऱ्याच कामासाठी त्या चाळीत गेलो. रात्रीचे साडेदहा वाजले असतील. खोलीत बाप आणि गावाकडून कामाला आलेले नातेवाईक असे पाच मोठे लोक झोपलेले, पाय ठेवायला जागा नव्हती. मुलगा बाहेर जिन्याच्या वळणावर सतरंजी टाकून बसला होता. कोणी वर-खाली गेले की त्याला उठावे लागत होते. पहाटे चारला नळाला पाणी यायचे, तेही तोच भरायचा.

प्रियजनहो, त्या जिन्यात दृष्टिकोनाचा प्रश्नच नव्हता. आईने मला तिचे मत सांगितले नव्हते, माहिती सांगितली होती. मी त्या माहितीला ‘मत’ म्हणालो, कारण मत म्हटले की तपासायला जावे लागत नाही. पुढच्या रविवारी सगळ्या मुलांसमोर मी त्याची क्षमा मागितली. पण नाटिका तोवर होऊन गेली होती. ती मला परत देता आली नाही.

तेव्हापासून मी हे वाक्य कोण कोणाला म्हणतो याकडे लक्ष देतो. ठेकेदार मजुराला म्हणतो, “तुझं तुझ्या जागी बरोबर, माझं माझ्या जागी.” पण हजेरी 26 दिवसांची की 24 दिवसांची, हे जागेवर अवलंबून नसते, ते वहीत असते. नवरा बायकोला म्हणतो, मोठा भाऊ धाकट्याला म्हणतो, आणि आम्ही सेवा करणारे गरजू माणसाला म्हणतो. ज्याला वही उघडायची नसते त्याला हे वाक्य फार सोयीचे पडते.

आता कोणी विचारेल, मग प्रत्येकाला आपापल्या जागेवरून दिसते ते खोटे का? नाही. आपल्यापैकी अनेकजण गावी जाताना उधन्याहून किंवा चलथाणहून ताप्ती लाईनची गाडी धरतात. वाटेत नवापूर लागते. ते स्टेशन काही महाराष्ट्रात, काही गुजरातमध्ये आहे, आणि दोन राज्यांची हद्द तिथल्या एका बाकाच्या मधून जाते. बाकाच्या एका टोकाचा माणूस म्हणेल, मी महाराष्ट्रात बसलोय. दुसऱ्या टोकाचा म्हणेल, मी गुजरातमध्ये. दोघेही खरे बोलतात, कारण दोघेही आपल्या बसण्याच्या जागेविषयी बोलतात. पण रुळावर गाडी आली आहे की नाही, याची दोन उत्तरे होत नाहीत. तिथे मान वळवून बघावे लागते. माझी जागा माझी आहे, गाडी माझी नाही. आपण हा फरक पुसतो आणि त्याला सहिष्णुता म्हणतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मला मान्य करूनच पुढे जायचे आहे. सत्य आपल्याच मुठीत आहे असे मानणाऱ्यांनी जगात पुष्कळ रक्त सांडले आहे, आणि त्यात ख्रिस्ताचे नाव घेणारेही होते. कडोदऱ्यासारख्या ठिकाणी, जिथे खानदेशी, ओडिया, बिहारी, गुजराती सगळे एका भिंतीला भिंत लावून राहतात, तिथे ‘मलाच कळते’ म्हणणारा माणूस धोक्याचा. खरे आहे. पण त्यावरचा उपाय काय? मला कमी दिसते हे मी मान्य करावे, हा उपाय. बघण्यासारखे काही नाहीच असे म्हणणे हा उपाय नव्हे. ज्याची नजर अधू आहे त्याने डॉक्टरकडे जावे, भिंतीवरची अक्षरेच नाहीत असे म्हणू नये.

मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात बेथसैदाच्या आंधळ्याची हकीकत आहे. प्रभूने त्याच्यावर हात ठेवले आणि विचारले, काही दिसते का? त्याने प्रामाणिकपणे सांगितले की माणसे दिसतात, पण चालत्या झाडांसारखी. तो खोटे बोलला नाही, त्याला तसेच दिसत होते. आजचा एखादा सल्लागार म्हणाला असता, “छान, हा तुझा दृष्टिकोन, त्याचा आदर आहे.” प्रभूने तसे म्हटले नाही, आणि त्याला रागावलाही नाही. त्याने पुन्हा हात ठेवले. मग त्या माणसाला सर्व काही स्पष्ट दिसू लागले. मला वाटते आपली आत्मसुधारणा या दोन स्पर्शांच्या मधे अडलेली असते. अर्धे दिसू लागले की आपण उठून चालू लागतो आणि माणसांना झाडे समजून त्यांच्याशी वागतो. त्या मुलाला मी झाडच समजलो होतो.

याच्या उलट बाजूचीही एक चूक आहे. मोबाईलवर रोज सकाळी सुविचार येतो: दृष्टिकोन बदला, आयुष्य बदलेल. बारा तास उभा राहणाऱ्या माणसाला हे सांगणे म्हणजे त्याची थकवा येण्याची सोयही काढून घेणे. जिन्यात झोपणाऱ्या मुलाने दृष्टिकोन बदलला असता तर जिना रुंद झाला नसता. दृष्टिकोन बदलायला हवा होता तो माझा, आणि तोही मला बरे वाटावे म्हणून नव्हे, जे होते ते दिसावे म्हणून.

खरा बदल कसा असतो हे बघायचे तर आपल्या मराठीतच लक्ष्मीबाई टिळक आहेत. त्यांचे वडील सोवळ्याओवळ्याच्या बाबतीत इतके कडक की सारे घर त्यापायी जेरीस आलेले. तीच दृष्टी घेऊन लक्ष्मीबाई मोठ्या झाल्या. 1895 साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला, तोही पत्नीला अंधारात ठेवून. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. नंतर त्या त्यांच्याजवळ राहायला आल्या तरी सोवळे पाळतच राहिल्या, आणि टिळकांनी सक्ती केली नाही. इथे दोघेही ‘ज्याचा त्याचा दृष्टिकोन’ म्हणून आयुष्यभर थांबू शकले असते. पण लक्ष्मीबाईंनी स्वतःला एक प्रश्न विचारला: ही जात देवाने केली की माणसाने? त्यांच्या मनाने जे उत्तर दिले ते त्यांच्या बालपणाच्या, माहेरच्या, सवयीच्या विरुद्ध होते. तरी त्यांनी ते मानले, आणि मानले म्हणजे दुसऱ्याच्या हातचे अन्नपाणी घ्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यांनी 1900 साली घेतला.

यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, तो प्रश्न ‘मला काय वाटते’ असा नव्हता. ज्याचे उत्तर आपल्याविरुद्ध जाऊ शकते असा तो प्रश्न होता. दुसरी, उत्तर हातापर्यंत पोहोचले, पाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचले. आणि पुढे 1934 पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली, तेव्हा स्वतःच्या जुन्या समजुती त्यांनी लपवल्या नाहीत, त्यांवर हसल्या. ज्याची नजर सुधारते त्याला आपली जुनी नजर झाकून ठेवावी लागत नाही.

आपण ‘पश्चात्ताप’ म्हणतो तेव्हा मागाहून होणारी जळजळ डोळ्यांपुढे येते. नव्या कराराच्या मूळ ग्रीक भाषेत त्या जागी ‘मेटानोइया’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ मन बदलणे. नुसते वाईट वाटून घेणे पुरत नाही. बघण्याची दिशा वळली पाहिजे आणि मागोमाग पाय वळले पाहिजेत.

म्हणून एक विनंती करतो. या आठवड्यात “हा तुमचा दृष्टिकोन झाला” हे शब्द ओठांवर आले की थांबा. समोरचा मत सांगतो आहे की माहिती, एवढे स्वतःला विचारा. माहिती असेल तर वही उघडा, जिना चढा, त्याच्या घरी जा. आणि कोणी तुम्हाला “एकदा येऊन बघा” म्हणाले, तर घड्याळाकडे बघू नका.

हे प्रभू, आम्हाला अर्धवट दिसते हे आम्ही कबूल करतो. त्या अर्धवट दिसण्यालाच सत्य म्हणण्याच्या मोहापासून आम्हाला वाचव. तुझा हात पुन्हा एकदा आमच्या डोळ्यांवर ठेव. आमेन.