लांबी भरली की झालं?

मंडळी, मॉरिस मायनर ट्रॅव्हलर ही १९५३ ते १९७१ या काळात बनलेली इंग्लिश गाडी. तिच्या मागच्या भागाची लाकडी चौकट बाहेरूनच दिसते. पुष्कळांना ती शोभेची वाटते. तशी ती नाही हो! मागचा सगळा सांगाडा त्या अॅशच्या लाकडावरच उभा असतो.

अॅश म्हणजे क्रिकेटच्या स्टंपांचं लाकूड. चिवट, धक्के सोसणारं. पण पाण्यापुढे हरतं. खिडकीच्या खाचांत पाणी साचतं, शेवाळ धरतं, सांध्यांत ओल मुरते आणि वार्निशखाली काळे डाग दिसू लागतात. मग काही हुशार मंडळी लांबी भरून वरून वार्निशचा हात मारतात आणि त्याला जीर्णोद्धार म्हणतात.

मला हे पटत नाही. ब्रिटनमध्ये २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या बहुतेक गाड्यांना वार्षिक तपासणीची सक्ती नाही, म्हणजे कुजकं लाकूड पकडणारा परीक्षकच गेला. (परीक्षा रद्द झाल्यावर मुलं अभ्यासाचं काय करतात, ते आम्हा मास्तरांना विचारा!) मागच्या सीटवर नातवंडं बसणार असतील, तर कुजलेला तुकडा काढून तिथे नवं अॅशच बसवायला हवं. जुना तुकडा मात्र नवा नीट बसेपर्यंत फेकू नये. माप त्याच्यावरूनच घ्यायचं असतं.