बोंडअळीला ‘सवय’ लागत नाही

जानेवारी २०१८मध्ये औरंगाबादच्या एका संमेलनात तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनला चूक ठरवले. माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही, असा त्यांचा युक्तिवाद. त्याच हंगामात मराठवाडा-विदर्भातले शेतकरी बीटी कपाशीची बोंडे फोडून आतली जिवंत गुलाबी अळी पाहत होते. कपाशीत घातलेल्या जिवाणूच्या जनुकामुळे बनणाऱ्या बीटी विषाने मरायला हवी होती ती अळी.

ही उत्क्रांतीच, असे म्हटले की ठरलेला आक्षेप येतो : अळीची अळीच राहिली ना, मग उत्क्रांती कुठली? पण एका प्राण्याने डोळ्यांदेखत दुसरा व्हावे, असे उत्क्रांतीशास्त्र म्हणतच नाही. एखाद्या जीवसमूहात जनुकांच्या निरनिराळ्या रूपांचे प्रमाण पिढीगणिक बदलत जाते. उत्क्रांती म्हणतात ती याला. नव्या जाती त्यातूनच, फार सावकाश, फुटतात.

मंत्र्यांना हसणारे सुशिक्षितही मात्र ‘अळीला बीटीची सवय झाली’ असे खुशाल बोलतात. सवय एकेका जिवाला लागते. इथे मरणाऱ्या अळ्या मेल्याच. वाचल्या त्या जन्मतःच वेगळ्या होत्या. समजा, विष पचवणारे जनुकरूप हजारात एक आहे आणि त्याच्या दोन्ही प्रती असल्याशिवाय अळी वाचत नाही. हार्डी आणि वाइनबर्ग यांनी १९०८मध्ये मांडलेल्या गणिताने अशी अळी दहा लाखांत एक. एकच प्रत बाळगणाऱ्या मात्र दोन हजारांच्या आसपास, आणि बीटीच्या शेतात त्या मरतात. म्हणून शेताच्या कडेला बिगर-बीटी कपाशी लावायची. तिच्यावर वाढलेल्या साध्या पतंगांशी त्या एकट्या वाचलेल्याची गाठ पडली, की पिल्लांकडे एकच प्रत येते आणि बीटी त्यांना मारते. कडेला काहीच नसेल तर वाचलेल्याला जोडीदार वाचलेलाच मिळतो. मग सगळी वीणच विष पचवणारी!

हे कागदी गणित नव्हे. ॲरिझोनात अशी आश्रय-कपाशी नेमाने राखली, पुढे वांझ पतंगही सोडले. २०१८मध्ये अमेरिकेने ही अळी हद्दपार झाल्याचे जाहीर केले. आपल्याकडे बीटीला २००२मध्ये परवानगी मिळाली, २०१०मध्ये गुजरातेत पहिल्या जनुकाला न जुमानणारी अळी जाहीर झाली आणि दोन जनुकांचे वाणही पुढे तिच्यापुढे टिकले नाही.

दोष शेतकऱ्याचा, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. बियाण्याच्या पिशवीत १२० ग्रॅम बिगर-बीटी बी वेगळे मिळे आणि ते बहुतेक ठिकाणी पेरलेच गेले नाही, हे खरे. पण दोन एकरवाल्याला पाच ओळी अळीला सोडायला सांगायचे आणि कारण पत्रकात ठेवायचे, याला कृषिविस्तार म्हणत नाहीत. नुकसान त्याच्या एकट्याचे, फायदा साऱ्या शिवाराचा. त्याची भरपाई द्यायचे कुणी मनावर घेतले नाही.